चांदीपुरा: नाव नागपूरचं, अभ्यास विखुरलेला

१९६५ साली नागपुरात डेंगी-चिकुनगुनियाची साथ पसरली होती. त्या वेळी चांदीपुरा भागातल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना एक वेगळाच विषाणू सापडला. १९६७ मध्ये त्याची माहिती छापून आली आणि चांदीपुऱ्याचं नाव जगभरच्या विषाणूंच्या यादीत जाऊन बसलं. १९७० मध्ये हाच विषाणू औरंगाबादच्या वाळूमाश्यांत मिळाला. मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तात तो आढळल्याची नोंद १९८३ची. म्हणजे माणूस, माशी आणि मेंदू हे तिन्ही धागे छापील स्वरूपात हाताशी होते. तरीही २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडून १८३ दगावली, तेव्हा कुठे या विषाणूकडे गांभीर्याने पाहिलं गेलं.

या विलंबाचं एक मूळ मला आपल्या शिक्षणाच्या रचनेत दिसतं. नागपुरात मेडिकल १९४७चं, पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८चं आणि पुढे ‘नीरी’ झालेली पर्यावरण-संशोधनाची संस्थाही १९५८चीच. म्हणजे तिन्ही एकाच शहरात. चांदीपुऱ्याचा विषाणू रेबीजच्या कुळातला. गुरं-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू त्याचा जवळचा भाऊबंद. वाळूमाशी वाढते ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत. हा एकच रोग नीट समजायचा तर गोठा, भिंत आणि बालरुग्णांचा वॉर्ड, तिन्ही ठिकाणी जावं लागतं. विद्यापीठांनी मात्र वाटण्या केल्या: पशुवैद्यक १९६९ नंतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेलं, मेडिकल १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे.

कुणी म्हणेल, गोठा, भिंत आणि वॉर्ड एकत्र शिकवणारी पदवी पुण्याच्या केंद्रातल्यांकडे तरी कुठे होती? १९७०च्या शोधातही रॉड्रिग्ज होतेच! आक्षेप रास्त आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने उभ्या राहिलेल्या त्या केंद्रात कीटकतज्ज्ञ आणि विषाणूतज्ज्ञ एकाच छपराखाली होते. पण ते शहाणपण संस्थेच्या हाताला लागलेलं. अभ्यासक्रमात ते उतरलं नाही, म्हणून नोकरीला लागलेल्या मोजक्यांपुरतंच राहिलं. सगळं थोडंथोडं शिकणारा कशातच मुरत नाही, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. विषाणूतज्ज्ञाने माशा ओळखण्यात पारंगत व्हावं, असं कुणी म्हणत नाही. कीटकतज्ज्ञाला नेमकं काय विचारायचं, एवढं त्याला कळावं.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहण्याची ही कल्पना. इमारत हा त्यातला सोपा भाग. गोठ्यातल्या माशीपासून मुलाच्या मेंदूपर्यंतचा प्रबंध कुणी लिहिलाच, तर त्यावर नाशिकच्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकाची सही चालेल की पशुवैद्यकाच्या, हे आधी ठरायला हवं.