दुकानामागची शाळा : कृष्णवर्णीय चळवळीचा न दिसणारा पाया

ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळी जाकिटं, उंचावलेल्या मुठी आणि ओकलंडचे रस्ते उभे राहतात. १९६६ साली तिकडे ती संघटना जन्मली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. हे नातं आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण त्या मुठी उंचावण्याआधी तो समाज कुठे बसत होता, काय बोलत होता, यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. उलट अभ्यासवर्ग घ्यायचा म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतं, "नुसत्या चर्चा करून काय होणार?" या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या एका बेटावर सापडतं.

त्या बेटाचं नाव जॉन्स आयलंड. चार्ल्सटन शहराजवळचं. इथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज मोठ्या संख्येने राहत. त्यांची गल्ला नावाची बोली आहे, आफ्रिकी भाषांचा ठसा असलेली. शहरातले लोक या बोलीला हसत. आपल्या वस्तीच्या भाषेला कोण कसं हसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या राज्यात गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता. पुढे गुलामगिरी संपली, १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना कागदावर मताधिकार मिळाला. मग गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी नवी अट आणली : मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवा. आधी पिढ्यान्‌पिढ्या वाचू द्यायचं नाही आणि नंतर वाचता येत नाही म्हणून हक्क नाकारायचा! अपात्र ठरवायचं आणि मग अपात्रतेचाच दाखला द्यायचा, हा डाव आपल्या पूर्वजांनीही भोगलेला आहे.

इसॉ जेन्किन्स हा बेटावरचा माणूस. बेटावरच्या कामगारांना तो आपल्या बसमधून शहरात नेत असे. बस चालवता चालवता तो प्रवाशांना राज्यघटनेचा उतारा समजावून सांगू लागला. ॲलिस वाइन नावाच्या बाईने तो ऐकून ऐकून पाठ केला. पण तिला पाठांतरावर थांबायचं नव्हतं, तिला वाचायला शिकायचं होतं. तिच्या त्या मागणीतून शाळेची गरज पुढे आली.

इथे सेप्टिमा क्लार्क यांचं काम समजून घ्यावं लागतं. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. १९१६ साली त्या याच बेटावर शिक्षिका झाल्या, कारण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलांनाही गोरेच शिक्षक शिकवत. १९५६ साली राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचं सदस्य असता कामा नये. क्लार्कबाईंनी सदस्यत्व लपवलं नाही, सोडलंही नाही. सुमारे ४० वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. मग त्या टेनेसीमधल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये पूर्णवेळ काम करू लागल्या.

हायलँडरच्या कर्जातून बेटावर एक जुनी इमारत घेतली गेली. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. गोऱ्यांना दुकान दिसावं, शाळा दिसू नये. शिकवायला कुणाला बोलवायचं? क्लार्कबाईंनी पदवीधर शिक्षक निवडला नाही. त्यांनी बर्निस रॉबिन्सन या आपल्या नात्यातल्या बाईला उभं केलं. त्या केस कापण्या-सजवण्याचा व्यवसाय करत. त्यांचं गिऱ्हाईक कृष्णवर्णीय, त्यामुळे कुणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. आणि त्या या लोकांना कमी लेखत नव्हत्या.

जानेवारी १९५७ मध्ये १४ प्रौढांचा पहिला वर्ग भरला. रॉबिन्सनबाईंनी लहान मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला दूर गेलेल्या मुलांना पत्र लिहायचं होतं. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. सहीपासून सुरू झालेलं बोलणं कर, सामाजिक सुरक्षा, मतदार नोंदणी इथवर पोहोचलं.

१९६१ मध्ये टेनेसी राज्याने हायलँडरची मान्यता काढून घेतली. तोवर हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवला गेला होता. मग दक्षिणेतल्या गावोगावी अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबलेल्या फॅनी लू हेमर जून १९६३ मध्ये अशाच प्रशिक्षणाहून परतत होत्या, तेव्हा त्यांना वाटेत अटक करून तुरुंगात अमानुष मारहाण झाली. चर्चा जर निरुपद्रवी असती, तर व्यवस्थेने त्या चर्चेहून परतणाऱ्या बाईला एवढं मारलं नसतं. १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या अटी मोडीत निघाल्या. त्यामागे मोर्चे होते, सांडलेलं रक्त होतं आणि या मागच्या खोल्याही होत्या.

आणखी एक गोष्ट लपवता कामा नये. क्लार्कबाईंनी किंग यांना पत्र लिहून सुचवलं होतं की सगळे मोर्चे तुम्हीच काढू नका, गावोगावी नवे नेते घडू द्या. संघटनेतले पुरुष त्यावर हसले, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. पाया घालणाऱ्या बाईला व्यासपीठावर जागा नाही, हा आजार वंशद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या चळवळीतही होता. आपल्या सभांच्या व्यासपीठांकडे बघताना हा इतिहास आठवावा.

जात आणि वंश एकच नाहीत. दोन्हींची यंत्रणा वेगळी, इतिहास वेगळा. पण नातं खरं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण इथल्या अस्पृश्यांचाही प्रश्न तिथे न्यायचा विचार होता. दोघांनीही त्या लढ्याचा अभ्यास केला, नुसतं कौतुक करून ते थांबले नाहीत.

म्हणून आपल्या विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत दहा माणसं जमली, तर त्यांना तुच्छ लेखू नका. फक्त भाषण ठोकण्याआधी रॉबिन्सनबाईंचा प्रश्न विचारा : तुम्हाला काय शिकायचंय? शिष्यवृत्तीचा अर्ज असेल, जातपडताळणी असेल, मतदार यादीतलं गायब नाव असेल. तिथूनच संविधानाकडे रस्ता जातो. आणि तो प्रश्न विचारणारी वस्तीतलीच एखादी ताई असेल, तर तिच्या हाती वर्ग सोपवा.

जय भीम!