किन्शासातल्या आठ फेऱ्या

मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची किन्शासातली लढत आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जायची. तात्याआजोबांच्या गोष्टीत अली सात फेऱ्या मार खातो, सगळं सोसतो आणि आठव्या फेरीत हिशेब चुकता करतो. आजोबांच्या गोष्टीत अली फारसा मार खातच नाही. तात्याआजोबा म्हणजे आजीचे भाऊ. लालबागच्या चाळीत राहायचे आणि गिरणीत साचाखात्यात कामाला होते. आजोबा कोल्हापूरकडचे, लहानपणी तालमीच्या लाल मातीत घोळलेले. महायुद्धात खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि पलटणीसाठी बॉक्सिंग खेळले. नाकाचं हाड तेव्हाच वाकलं, ते आयुष्यभर तसंच राहिलं.

लढत झाली ३० ऑक्टोबर १९७४ ला, झैरमध्ये. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी ती किन्शासाच्या पहाटे चारला ठेवलेली, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. तात्याआजोबा पहिल्या पाळीला साच्यावर उभे होते. निकाल त्यांना संध्याकाळी चाळीतल्या रेडिओवर कळला आणि त्या रात्री गॅलरीत कुणी लवकर झोपलं नाही, असं ते सांगायचे.

झोप उडण्यासारखंच होतं ते. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढती खेळून ४० जिंकलेला, त्यातल्या ३७ समोरच्याला झोपवून. जो फ्रेझरला त्याने किंग्स्टनमध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं. केन नॉर्टनही कराकसमध्ये दुसऱ्या फेरीतच संपला. आणि या दोघांनीही त्याआधी अलीला हरवलेलं. नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. अली ३२ वर्षांचा. ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं त्याच्या हातून काढून घेतली गेली होती, कारण १९६७ मध्ये त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. विजेतेपद गेलं, परवाना गेला, तुरुंगाची शिक्षा सुनावली गेली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण गेलेली वर्षं आणि पायांतली ती चपळाई परत आली नाही.

तात्याआजोबांचं अलीवरचं प्रेम या नकारातून सुरू झालं. सरकारच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस, एवढं त्यांना पुरेसं होतं. आजोबा फौजी. हुकूम आला की निघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. या विषयावर ते कधी बोलले नाहीत. तात्याआजोबांनी फारच छेडलं तर म्हणायचे, "ते त्याचं त्याला ठाऊक. मी रिंगमधल्याबद्दल बोलतोय."

मला कळू लागलं तोवर तात्याआजोबांच्या गोष्टीतला मार वाढत गेला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा साच्यासमोर उभं राहता आलं नाही. तात्याआजोबा त्यांतलेच एक. पुढची वर्षं त्यांनी भाजी विकली, एका सोसायटीत रात्रपाळीची राखण केली. त्या वर्षांत फोरमनचे ठोसे जड होत गेले, अलीची पाठ दोरांना जास्त वेळ टेकून राहिली. लहानपणी मला फक्त गोष्ट ऐकू यायची. ती कुणाची होती हे फार नंतर कळलं, आणि कळल्यापासून तिच्यावर हसणाऱ्यांशी मी भांडत आले आहे.

मी नववीत असताना कुणीतरी त्या लढतीची व्हिडिओ कॅसेट मिळवली. भाड्याचा व्हीसीआर आला, तात्याआजोबा लालबागहून आले आणि आजोबांनी मला शेजारी बसवून घेतलं. घंटा झाली, माझी नजर अर्थातच ग्लोव्ह्जवर. आजोबांनी गुडघ्यावर टिचकी मारली. "हात काय बघतीस? पाय बघ की गं. हात नंतर."

पहिल्या फेरीत अलीने जे केलं ते कुणाच्याच गोष्टीत नीट आलं नव्हतं. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून उभा राहतो. डाव्या हाताचा जॅब वाट मोकळी करतो आणि उजवा हनुवटीपाशी दबा धरून असतो. त्या उजव्याला समोरच्यापर्यंत पोहोचायला लांबचा पल्ला पडतो, तो मारताना सगळं अंग वळतं आणि क्षणभर उघडं पडतं. म्हणून जॅबशिवाय थेट उजवा मारायला मुरलेले व्यावसायिक धजत नाहीत. अलीने त्या एका फेरीत असे डझनभर उजवे फोरमनच्या तोंडावर मारले. खडाखडी न करता सलामीलाच पट काढायला जावं तसं, आजोबा म्हणाले. हे समोरच्या जगज्जेत्याला सरळसरळ हिणवणं होतं. फोरमनच्या सरावात असा ठोसा कुणी मारला नसणार, त्यामुळे तो येताना दिसूनही त्याचे हात वेळेवर वर येत नव्हते. फोरमन भडकला आणि अलीला तेच हवं होतं. भडकलेला माणूस श्वास मोजत नाही.

पण याच फेरीत अलीला दुसरंही काही दिसलं, आणि आजोबांनी टेप थांबवून तेवढा भाग दोनदा दाखवला. अली गोल फिरत होता. फोरमन त्याच्या मागे धावत नव्हता, आडवं पाऊल टाकून वाट अडवत होता. दिसायला थोराड, पण रिंग कापण्यात तो पक्का तयार होता. आर्ची मूरसारखा जुना जाणकार त्याच्या गोटात होता. अलीला निसटायला जेवढी पावलं लागत त्याच्या निम्म्यात फोरमन समोर येऊन उभा राही. रिंगची चटई उकाड्याने मऊ पडलेली, पाय रुतल्यासारखे. या हिशेबाने पंधरा फेऱ्या नाचत राहिलं तर पाच-सहा फेऱ्यांतच पाय संपणार होते.

दुसऱ्या फेरीत अली आपणहून दोरांकडे गेला.

दोरांना पाठ लागली की बॉक्सर सापडला, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी कोपऱ्यातून ओरडत होता की तिथून बाहेर ये. हा बेत त्याला ठाऊकच नव्हता. दोर त्या रात्री सैल होते. अलीच्या गोटाने ते मुद्दाम सैल केले असा आरोप पुढे झाला. डंडी शेवटपर्यंत सांगत राहिला की आपण उलट ते ताणून घ्यायला गेलो होतो. काहीही असो, अलीने त्या सैलपणाचा पुरेपूर उपयोग केला. वरच्या दोरावर पाठ रेलून तो कमरेतून इतका मागे वाकायचा की डोकं रिंगच्या बाहेर जायचं. फोरमनचा मोठा, गोल फिरवून आणलेला ठोसा तिथे पोहोचेपर्यंत त्यातला जोर सरून जाई. बरगड्यांवर येणारा ठोसा कोपरावर, दंडावर अडे, आणि उरलेला धक्का दोर मागे सरून पिऊन टाकत.

"डोळे बघ आता," आजोबा म्हणाले. अलीचे डोळे सताड उघडे होते. ठोसे अंगावर येत असताना बहुतेकांच्या पापण्या मिटतात. हा माणूस प्रत्येक ठोसा निघाल्यापासून पोहोचेपर्यंत बघत होता आणि मधेच दोन सरळ, आखूड ठोसे फोरमनच्या चेहऱ्यावर ठेवून पुन्हा झाकून घेत होता. फोरमन जवळ आला की अली त्याच्या मानेमागे हात घालून डोकं खाली दाबायचा आणि आपला भार त्यावर सोडायचा. नियमात हे बसत नाही, पंच झॅक क्लेटन यांनी ते बरंचसं चालू दिलं. फोरमनचं वजन २२० पौंड, अलीचं त्याहून थोडंसंच कमी. एवढा भार मानेवर घेऊन पुन्हा सरळ व्हायचं आणि पुन्हा ठोसे मारायचे, यातच फोरमनच्या अंगातली ताकद झिरपून गेली. शिवाय अली त्याच्या कानाशी सतत बोलत होता, एवढाच का तुझा जोर म्हणून विचारत होता.

किन्शासाच्या आधीच्या फोरमनच्या आठ लढती दुसऱ्या फेरीपलीकडे गेल्या नव्हत्या. लांब लढतीत दम कसा वाटून घ्यायचा याचा सराव उरलेला नव्हता. पाचव्या फेरीत त्याने होतं नव्हतं ते सगळं अलीच्या अंगावर रिकामं केलं, आणि त्याच फेरीच्या शेवटी अलीने दोरांवरून उसळून त्याला धरून धरून मारलं. फेरीचं शेवटचं अर्धं मिनिट आपलं, हे अलीने बहुतेक फेऱ्यांत सांभाळलं. परीक्षकांच्या लक्षात शेवटचं राहतं. तिन्ही परीक्षकांकडे अली पुढे होता, ते काही नशिबाने नाही.

आठव्या फेरीची मोजकी सेकंदं उरली होती. फोरमनचा एक ठोसा हुकला, तोल पुढे गेला. अली कोपऱ्याजवळून गिरकी घेऊन बाहेर आला, म्हणजे आता दोरांकडे फोरमन. मग एकामागून एक ठोसे. शेवटच्या दोघांत डाव्या हूकने खाली आलेलं डोकं वर उचललं आणि त्याच जागी सरळ उजवा बसला. फोरमन गोल फिरत खाली जाऊ लागला. अलीचा उजवा पुन्हा ताणलेला होता, फोरमनबरोबर तोही वळत होता, आणि त्याने तो मारला नाही. पडणाऱ्या माणसाला आणखी एक देणं सहज जमलं असतं. आजोबांना त्या लढतीतलं सर्वांत जास्त हेच आवडायचं. एवढा जोर लावलेला हात मधेच आवरता येणं त्यांच्या मते ठोशाहून अवघड होतं, आणि मला ते पटतं.

टेप संपली. तात्याआजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाजी, तुमचं डोळे-पाय सगळं कबूल. पण मार तर बसलाच ना?"

आजोबांनी लगेच उत्तर दिलं नाही. दंडावर अडवलेला ठोसाही शरीरात कुठेतरी जातोच, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. अलीला दोरांची सवय सरावात लागली होती. तिथे तो सोबत्यांना आपल्यावर मनसोक्त मारू द्यायचा, आणि किन्शासानंतर ती सुटली नाही. पुढच्याच वर्षी मनिलात फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या झाल्या, त्यात दोघंही जवळजवळ संपले. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीत आला आणि आपल्या लष्करातल्या कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला. उजव्या हाताने ठोसे झटकायचे आणि डाव्याने मारायचे, हे अलीचं काम कौर सिंग यांनी पुढे सांगितलं आहे. म्हणजे नजर आणि हात तेव्हाही शाबूत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या बदडलं आणि डंडीला लढत थांबवावी लागली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. कौशल्याने वाचवलेलं शरीर त्याच कौशल्यावर विसंबून जास्त काळ रिंगमध्ये राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. "तेवढं तात्याचं खरं," आजोबा शेवटी म्हणाले.

किन्शासाचा खरा विद्यार्थी मात्र फोरमन निघाला. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास वेगासमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो मायकेल मूररसमोर उभा राहिला. मूरर २६ वर्षांचा, एकही लढत न हरलेला. फोरमनने किन्शासातलीच लाल चड्डी घातली होती आणि त्याच्या कोपऱ्यात होता तोच अँजेलो डंडी. नऊ फेऱ्या मूरर त्याला मारत होता, गुणांवर खूप पुढे होता. फोरमन जागा न सोडता जॅब ठेवत राहिला, एकही ठोसा वाया न घालवता. मूररचा गोट त्याला बजावत होता की समोर उभा राहू नकोस. दहाव्या फेरीत तो समोरच उभा राहिला. डावा, आणि पाठोपाठ अगदी आखूड उजवा, हनुवटीवर. वीस वर्षांनी फोरमन पुन्हा जगज्जेता.

आम्ही ती लढत मागाहून केबलवर पाहिली. आजोबा सत्तरीचे होते. त्यांनी मला लालबागच्या चाळीखालच्या दुकानात फोन लावून तात्याआजोबांना बोलवायला सांगितलं. पलीकडून दमलेला, पण खूष आवाज आला, "दहा फेऱ्या सोसलं ना दाजी त्यानं?" आजोबा खुर्ची ओढून बसले आणि उजवा सुटला तेव्हा फोरमनचा डावा पाय नेमका कुठे होता, ते त्यांना फोनवर समजावून सांगू लागले.