पर्याय आणि टीका : प्रवेशपरीक्षेतील समानार्थी शब्दांचा पूर्वेतिहास

जत तालुक्याच्या पूर्व भागातील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे, कचेरीची मराठी. डफळे घराण्याचे हे संस्थान १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या देखरेखीखाली गेले, १९४८ साली विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सत्तेच्या या फेरफारांत येथील बोलण्याचा द्वैभाषिक पोत मात्र टिकून राहिला. या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. अशा शाळेतील मुलाला साताऱ्याच्या सैनिक शाळेत किंवा डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात जायचे असेल, तर त्याच्या हाती एक वही येते. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, मध्ये त्याचा इंग्रजी पर्याय, उजवीकडे मराठी अर्थ. या वहीची थट्टा करणे सोपे आहे. ती कोठून आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करणे ही इंग्रजी अमदानीची देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. पाठशाळेत अमरकोशाचे पाठांतर हे विद्याभ्यासाचे आरंभीचे अंग होते. त्याची तीन कांडे छंदोबद्ध आहेत ती मुखोद्गत करण्यासाठीच. रघुनाथपंडितांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला, तोही याच वळणावर. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो श्लोकबद्ध कोश आहे. तेव्हा पाठांतर हा काही परीक्षेने लादलेला नवा दोष नव्हे.

परंतु अमरकोश एकटा शिकवला जात नसे. क्षीरस्वामी, भानुजी दीक्षित यांच्या टीका त्याच्या सोबत चालत आणि त्या प्रत्येक पर्यायाची व्युत्पत्ती वेगळी लावून दाखवीत. पाण्याचेच उदाहरण घ्यावे. अमरसिंहाने त्यासाठी पंचवीसहून अधिक शब्द दिले आहेत, आणि त्यांत 'पानीय' व 'नीर' हे अगदी शेजारी बसले आहेत. 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे. 'पा' या धातूपासून झालेला हा शब्द मराठीत 'पाणी' म्हणून उतरला. 'नीर' मुळात द्राविड असावा असे अनेक भाषाभ्यासक मानतात. कन्नडात तो 'नीरु' आहे. जतचा मुलगा जे दोन शब्द उंबरठ्याच्या आत आणि बाहेर वापरतो, ते या कोशात एकाच श्लोकार्धात एकत्र नांदतात. कोश त्यांना समान म्हणतो. त्यांची भिन्न कुळे शोधावयाची ती टीकेने.

संस्कृत काव्यशास्त्राने हा भेद आणखी पुढे नेला. मम्मटाने शब्दालंकार व अर्थालंकार यांची सीमा आखताना वापरलेली कसोटी पर्यायाचीच आहे: शब्द बदलून समानार्थी ठेवल्यावर अलंकार टिकतो की नाही? कुंतकाने तर पर्यायवक्रता हा वक्रोक्तीचा स्वतंत्र प्रकार मानला. 'कुमारसंभवा'त बटुवेशधारी शंकर पार्वतीपुढे स्वतःचीच निंदा करतो, तेव्हा कालिदासाने 'कपाली' हा शब्द योजला, 'पिनाकी' नव्हे. दोन्ही नावे शंकराचीच. पण धनुष्यधारी शंकराशी लग्न करू नये असे म्हणण्यात निंदा उरतच नाही. इतर शब्द उपलब्ध असतानाही विवक्षित अर्थ ज्या एकानेच व्यक्त होतो तोच काव्यातला शब्द, ही कुंतकाची भूमिका आहे. म्हणजे पर्यायांची यादी येथे अट म्हणून गृहीत धरलेली आहे. ज्याला यादी येत नाही, त्याला निवडही दिसणार नाही.

युरोपातही हीच जोडी आढळते. जॉर्ज क्रॅबने १८१६ साली इंग्रजी समानार्थी शब्दांचा ग्रंथ प्रसिद्ध केला तो त्यांच्यातील सूक्ष्म भेद सांगण्यासाठी. १८५२ साली रोजेचा 'थिसॉरस' आला. त्यात शब्दांचे वर्ग आहेत, व्याख्या नाहीत; पर्यायांतील भेद सांगणे हे वेगळे शास्त्र आहे आणि आपण त्यात शिरत नाही, असे रोजेने प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर क्रॅबने टीका लिहिली, रोजेने कोश. पुढे सोस्यूरने भीतीवाचक तीन फ्रेंच क्रियापदांचा दाखला देऊन प्रत्येकाचे मूल्य शेजारच्या दोहोंच्या विरोधातून ठरते असे प्रतिपादन केले. कुंतक वाचलेल्यास यात फारसे नवल वाटू नये.

मराठीच्या वाट्याला मात्र प्रतिशब्द हीच मुख्य कल्पना आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाचे मूळ, त्याचा वापर, म्हणी असा पुष्कळ ऐवज आहे. तो कोश वाचता येतो. कँडीने पुरा केलेल्या इंग्रजी-मराठी कोशात (१८४७) एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांच्या रांगा उभ्या आहेत. बाबा पद्मनजींनी १८६३ साली मोल्सवर्थचा संक्षेप केला. संक्षेपाची गरज उघड आहे: मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली होती. शिकणाऱ्यांची संख्या वाढली, कोश आटोपशीर झाले. आकार कमी करताना प्रथम गळते ती टीका, कारण ती जागा फार घेते.

प्रवेशपरीक्षेने हा संक्षेप टोकाला नेला. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, देशातील पहिली. तिची सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतून वा कन्नडातून देता येते. नववीची मात्र इंग्रजीतूनच, आणि तिच्या ४०० गुणांपैकी ५० इंग्रजी विषयाचे. डेहराडूनच्या परीक्षेत जेमतेम बारा वर्षांच्या मुलाला इंग्रजीचे १२५ गुण पार करावे लागतात. बहुपर्यायी प्रश्नात चार शब्दांपैकी एकच बरोबर असतो. 'फ्रूगल' या शब्दापुढे वहीत 'काटकसरी, कंजूष' असे जोडीने लिहिलेले असले, तर तो मुलगा 'मायझर्ली' या उत्तराला बळी पडणारच. वास्तविक दुष्काळी मुलखातल्या घराला या दोन शब्दांतील अंतर कोणी समजावून सांगायला नको. काटकसर हा तेथे गुण आहे आणि कंजूषपणा ही शिवी. हे ज्ञान मुलाजवळ आहे. वहीत त्यासाठी रकाना नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. अमेरिकेत 'सॅट' परीक्षेतून १९९४ साली विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ साली शब्दसादृश्ये गेली, २०१६ साली दुर्मिळ शब्दांचा आग्रहही सुटला. संदर्भातून अर्थ ओळखणे हे अधिक न्याय्य, असे त्यामागचे म्हणणे. पण संदर्भ ज्याच्या घरात नाही त्याचे काय? इंग्रजी पुस्तके असलेल्या घरातील मुलाला शब्दांचे सूक्ष्म भेद नकळत मिळतात; संखच्या किंवा उमदीच्या मुलाला ती यादीच मिळते आणि ती पाठ करणे हे त्याच्या कष्टाच्या आवाक्यात असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी हे अंतर बुजले नाही. यादी काढून घेतल्यास शिडीची एक पायरी काढल्यासारखे होईल. पाठांतराविरुद्ध बोलणारे आपले बहुतेक शिक्षणचिंतक हे विसरतात. त्यांची स्वतःची मुले त्या वहीवर अवलंबून नसतात.

उणीव आहे ती टीकेची, आणि तिचे साहित्य जतमध्ये हाताशी आहे. तहसील कचेरीच्या कागदावर 'पाणीटंचाई' असते, 'जलटंचाई' कोणी लिहीत नाही; खात्याचे नाव मात्र 'जलसंधारण', 'पाणीसंधारण' नव्हे. मम्मटाची कसोटी येथे कचेरीच्या फलकावरच लावून पाहता येते. उन्हाळ्यात टँकरमधून येते ते पाणी किंवा नीरु. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या देवळात ओंजळीत पडते ते तीर्थ, दोन्ही भाषांत तीर्थच. टँकरपुढे रांगेत घागर घेऊन उभे असलेले मूल तीर्थ मागत नाही.