राष्ट्रीय व्यक्तिचित्रशाळेचा कायदा आणि सातारा-सांगलीकडील चित्रें

भासाच्या प्रतिमानाटकांत तिसऱ्या अंकीं भरत आजोळाहून परत येत असतां अयोध्येच्या वेशीबाहेरील एका गृहांत शिरतो. तेथें दिलीप, रघु व अज या पूर्वजांच्या प्रतिमा ओळीनें उभ्या असून त्यांच्या शेजारीं चौथी प्रतिमा दशरथाची आहे. जिवंत राजांच्याही प्रतिमा येथें बसवितात काय, असें तो तेथील देवकुलिकास विचारतो. दिवंगतांच्याच बसवितात, असें उत्तर मिळतें, आणि पिता स्वर्गवासी झाल्याचें भरतास त्या उत्तरावरून कळतें. इ. स. १८५६ त लंडन येथें जी राष्ट्रीय व्यक्तिचित्रशाळा निघाली तिचाही हाच नियम होता: राज्यकर्ता व त्याची सहचरी यांखेरीज जिवंत माणसाचें चित्र तेथें घ्यावयाचें नाहीं. हा निर्बंध १९६९ पर्यंत टिकला. तो घालणारांनीं भास वाचला असण्याचा संभव नाहीं. कारण महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांनीं तीं नाटकें त्रिवेंद्रमहून छापण्यास आरंभ केला तोच मुळीं १९१२ सालीं.

प्रतिमागृहाची कल्पना आपल्याकडे नाटकापुरतीच राहिली असें मात्र नाहीं. जुन्नराजवळील नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा भिंतीस कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्रीसातकर्णी, महारठी त्रणकयिर अशीं त्यांचीं नांवें ब्राह्मी अक्षरांत वर अद्याप वाचतां येतात. खालच्या मूर्ति फुटून नाहींशा झाल्या आहेत. नांवें राहिलीं, माणसें गेलीं. आमच्या कृष्णातीरीं सातारा-सांगलीकडे प्रकार नेमका उलट आहे. वाड्यावाड्यांतून माणसें भिंतीवर टांगलेलीं आहेत आणि नांवें गेलीं आहेत.

साताऱ्यांतील एका जुन्या घरीं आम्हांस एक तैलचित्र दाखविण्यांत आलें. त्यांतील पगडीधारी गृहस्थ कोण, हें विचारतां आजोबांनीं एक नांव सांगितलें, त्यांच्या चिरंजीवांनीं दुसरें सांगितलें, आणि सूनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे त्यांना नुसतें 'मोठे बाबा' म्हणतात." चौकटीच्या मागें कागदाची एक चिठी होती, ती वाळवीनें खाल्लेली. असा अनुभव या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांस असेलच. कागदपत्रांच्या संग्राहकास निदान मित्ति व मायना यांचा आधार असतो. चित्राच्या संग्राहकास तोही नाहीं.

म्हणून, केवळ व्यक्तिचित्रांचा सांभाळ व ओळख यांसाठीं संसदेनें एक कायदा करून राष्ट्रीय व्यक्तिचित्रशाळा स्थापावी असें आमचें मत आहे, आणि तो कायदा कसा असावा व कसा नसावा याचा विचार येथें सातारा व सांगली यांच्या दृष्टीनें करावयाचा आहे. चित्रशाळा हा शब्द आम्हीं बुद्ध्याच योजिला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं १८७८ त पुण्यास काढलेल्या चित्रशाळेच्या रंगीत शिळाछापांनींच ऐतिहासिक पुरुषांचे चेहरे महाराष्ट्राच्या घरोघर पोंचले. ते चेहरे खरे किती हा प्रश्न निराळा.

संग्रहालयासाठीं कायदा करणें ही नवी गोष्ट नव्हे. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाचा कायदा १९०३ चा, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचा १९०९ चा, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचा १९६१ चा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत पहिल्या यादींतील बासष्टावी नोंद व्हिक्टोरिया स्मारकादि संस्थांची असून, केंद्राच्या पैशानें चालणाऱ्या तत्सदृश संस्थेस संसदेनें कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाची ठरविल्यास तीही तींत येते. उलट राज्यांच्या खर्चानें वा ताब्यांत चालणारीं संग्रहालयें दुसऱ्या यादीच्या बाराव्या नोंदींत आहेत. साताऱ्याचें श्रीछत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, औंधचें श्रीभवानी वस्तुसंग्रहालय व सांगलीचें वस्तुसंग्रहालय हीं तिन्ही महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालयाकडे आहेत. तेव्हां दिल्लीच्या संस्थेनें यांच्या भिंतींवरील चित्रें मागूं नयेत, हें घटनेच्या विभागणीसही धरूनच आहे.

लंडनच्या संस्थेकडून घेण्यासारखी मुख्य गोष्ट तिची इमारत नव्हे, तिचें तत्त्व होय. अर्ल स्टॅनहोप यांनीं हा विषय १८४६ पासून काढला होता; सरदारसभेंत त्यांचा ठराव आला तो ४ मार्च १८५६ रोजीं. पार्लमेंटानें प्रथम अवघे दोन हजार पौंड मंजूर केले. चित्र घ्यावयाचें तें चित्रकाराच्या कौशल्यासाठीं नव्हे, तर चित्रिताच्या ऐतिहासिक महत्त्वासाठीं, हा दंडक आरंभींच ठरला. पहिल्या विश्वस्तांत मेकॉले होते. ज्या गृहस्थांनीं आमच्या विद्येची किंमत एका फळीवरील पुस्तकांइतकी केली, त्यांच्या देखरेखीखालील संस्थेचें तत्त्व आम्ही उचलूं पाहतों, यांत कोणास गंमत वाटल्यास आमची हरकत नाहीं. अमेरिकेनें असाच कायदा १९६२ त केला व संस्था १९६८ त उघडली.

आपल्याकडील कलासंग्रह सुंदर चित्र जपतात, कुरूप चित्र तळघरांत टाकतात. पण एखाद्या कारकुनी हातानें काढलेलें ओबडधोबड चित्रही, तें समोर बसवून काढलें असेल तर, इतिहासास रविवर्म्याच्या कॅनव्हासाहून अधिक उपयोगी. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ त उभारलेलें संग्रहालय कलेच्या दृष्टीनें महाराष्ट्राचें भूषण होय. तथापि तेथेंही लोक जातात ते कलाकृति पाहावयास. चेहरा कोणाचा, हा प्रश्न कोणी करीत नाहीं.

आतां साताऱ्याची एक जुनी कथा सांगितली पाहिजे. रावबहादुर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं जन्मभर खपून मेणवलीचें नाना फडणविसांचें दप्तर, नकाशे, नाणीं, जुनीं चित्रें असा संग्रह साताऱ्यास केला. त्यासाठीं सरकारी मदतीनें तेथें ऐतिहासिक संग्रहालय निघालें. १९२६ त पारसनीस वारले, आणि १९३९ त तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तेथें तो सुरक्षित आहे, अभ्यासकांस उपयोगी पडला आहे, यांत वाद नाहीं. परंतु साताऱ्याच्या ज्या म्हाताऱ्या माणसांस त्या चित्रांतील चेहरे व पगड्या ओळखतां आल्या असत्या, तीं माणसें चित्रांबरोबर पुण्यास गेलीं नाहींत. चित्र गांवांतून हललें म्हणजे त्याचा साक्षीदार मागें राहतो. कायद्यांतील पहिलें कलम यावरूनच सुचतें: मूळ चित्र जेथें आहे तेथेंच राहावें, मध्यवर्ती संस्थेनें त्याची उत्तम छायाचित्र-प्रत व नोंद ठेवावी.

याच्या उलट बाजूसही वजन आहे, तें नाकारूं नये. कृष्णेचा १९ व्या शतकांतील घाट व सांगलीचा आजचा पूर यांत फार अंतर राहिलेलें नाहीं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगली नगरवाचनालयाचे हजारों ग्रंथ भिजून गेले. नदीकांठच्या वाड्यांतील चित्रांस तर कोणी विचारणाराच नाहीं. यासाठीं, मालकानें मागितल्यास चित्र कांहीं काळ सुरक्षित ठेवून परत देण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणींच, म्हणजे साताऱ्यास व सांगलीस, हवी.

ओळख कशी ठरवावी, हा या प्रकरणाचा गाभा. आयुष्य शाळेंत तर्कसंग्रहाचीं पहिलीं पानें घोकून घेण्यांत गेल्यामुळें आम्हांस येथें प्रमाणांचीच भाषा सुचते. चित्रकारानें व्यक्ति समोर पाहून काढलेलें चित्र हें प्रत्यक्ष; नांव लिहिलेल्या दुसऱ्या चित्राशीं मेळ घालून ठरविलेलें तें अनुमान; घराण्यांत परंपरेनें सांगतात तें शब्द. तिन्ही घ्यावींत, पण कोणतें चित्र कोणत्या प्रमाणावर उभें आहे हें पाटीवर लिहिलेलेंच असावें.

ही चिकित्सा किती आवश्यक आहे याचें सर्वांत मोठें उदाहरण खुद्द श्रीशिवछत्रपतींचें. इब्राहिमखान नामक एका मुसलमान सरदाराचें चित्र कित्येक वर्षें महाराजांचें म्हणून छापलें जात होतें. १९३३ त वा. सी. बेंद्रे यांनीं डच साधनांतील चित्र पुढें आणून तो भ्रम दूर केला. दक्षिणेंतील चित्रकारांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय गिऱ्हाइकांसाठीं राजेरजवाड्यांच्या चित्रांचे संच केले. तशा संचांतील महाराजांचीं चित्रें आज अॅम्स्टरडॅम व लंडन येथें आहेत. तीं ओळखूं आलीं याचें श्रेय चित्रावर नांव लिहून ठेवणाऱ्या परक्या व्यापाऱ्याच्या टांकास आहे. मराठी चित्रांच्या पाठीवर असा टांक कोणी फिरविला असता तर!

दुसरें उदाहरण जेम्स वेल्स याचें. हा स्कॉच चित्रकार १७९१ त मुंबईस उतरला, पुण्यास सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांचीं चित्रें प्रत्यक्ष पाहून काढलीं, आणि १७९५ त वारला. सर चार्ल्स मॅलेट यानें टिपूविरुद्धचा १७९० चा तह पेशव्यांच्या दरबारांत पुरा केला, त्या प्रसंगाचें प्रचंड चित्र वेल्सच्या आराखड्यांवरून टॉमस डॅनियलनें १८०५ त लंडनास पुरें केलें. याच तहामुळें परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज कॅप्टन लिटलच्या पलटणीसह धारवाडास वेढा घालून बसली, म्हणून सांगलीकरांस त्याचें अगत्य. आतां पाहा: वेल्स दरबाराच्या वेळीं हिंदुस्थानांत आलेलाच नव्हता, म्हणून प्रसंग ऐकीव, मुख्य चेहरे त्यानें पाहिलेले, म्हणून ते प्रत्यक्ष, शेवटचा रंग दुसऱ्याच्या हातचा. एकाच कॅनव्हासावर दोन प्रमाणें नांदतात. पाटीवर नुसतें 'समकालीन चित्र' असें लिहिणें म्हणजे वाचकास फसविणें होय.

पाटी खोटें बोलूं शकते याचा दाखला तर नुकताच साताऱ्यास येऊन गेला आहे. जुलै २०२४ त लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें उसनवारीनें साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रदर्शनास आणलीं. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तीं तिकडे गेलीं. पेटीवरील मजकुरांत शिवाजीनें त्यांनीं मोगल सेनापतीस मारलें असें म्हटलें आहे. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरकरांचा, हें आमच्या चौथीच्या मुलांसही ठाऊक. तीं नखें तींच होत याची खात्री देतां येत नाहीं, असें तें संग्रहालयही सांगतें. हा प्रामाणिकपणा आपल्या कायद्यांत कलम म्हणून यावा.

काल्पनिक चित्रांचें काय करावें? कोल्हापूरचे जी. कांबळे यांनीं काढलेलें महाराजांचें चित्र शासनमान्य होऊन कचेरीकचेरींत लागलें. त्याचा मान जनतेच्या भक्तीचा आहे आणि तो तसाच राहावा. परंतु तो इतिहासाचा पुरावा नव्हे. अशांसाठीं निराळें दालन असावें, व दोन्ही दालनांमध्यें भिंत असावी.

राहिला मालकांचा प्रश्न, आणि कायदा तरेल वा बुडेल तो येथेंच. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील चित्र पुरावस्तु ठरतें, चित्रांची नोंदणी सक्तीची आहे, आणि एकोणिसाव्या कलमानें केंद्र सरकारास ती वस्तु मोबदला देऊन सक्तीनें घेतां येते. या कलमाचा धसका इतका आहे कीं लोक चित्र माळ्यावर दडवितात, अगर मुंबईच्या दलालास दाखवितात. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे हायस्कुलांत संस्कृत शिकवीत असतां पटवर्धनांचें दप्तर त्यांना मिळालें, आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग बाहेर पडले, तें सरकारी सक्तीनें नव्हे. दप्तर घरचें राहील आणि आपल्या पूर्वजांची कामगिरी जगापुढें येईल, या विश्वासानें. चित्रांच्या मालकांसही तोच विश्वास कायद्यानें द्यावा. चित्रशाळेच्या नोंदींत स्वखुषीनें आलेल्या चित्रास एकोणिसावें कलम लागूं नये, मालकी बदलावी लागूं नये, आणि मालकाची इच्छा नसेल तर त्याचें नांव व पत्ता छापला जाऊं नये.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर ज्यांच्या घरीं असें चित्र आहे त्यांनीं कॅनव्हासाच्या पाठीवर शाईनें कांहीं लिहूं नये. निराळ्या जाड कागदावर चित्र कोणाचें म्हणून सांगतात, कोणीं व केव्हां सांगितलें, चौकट व काच बदलली असल्यास केव्हां, फोटोवरून रंगविल्याचा संशय असल्यास तसें, आणि पगडी, अंगरखा, गंध व हत्यार यांचें वर्णन लिहून, खालीं तारीख घालून तो कागद चौकटीस दोऱ्यानें बांधावा. एक प्रत निराळी ठेवावी. वाळवी दोन्ही ठिकाणीं एकाच वर्षीं पोंचत नाहीं.