नकाशाची छापील प्रत

मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला, आणि त्या मोजणीचे सारे गणित ३३ फुटांच्या साखळीवर उभे राहिले. साखळीचे आणे सोळा, एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. एका इंचास २० साखळ्या या प्रमाणात काढलेल्या गावनकाशावर एक चौरस इंच कागद म्हणजे बरोबर दहा एकर जमीन होते. तो कागद दोन्ही बाजूंनी शेकडा एक आखडला, तर त्या दहा एकरांतले आठ गुंठे कागदोपत्री नाहीसे होतात. आणि आठ गुंठ्यांपायी भाऊबंदांचे कज्जे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत.

नकाशा छापणाराची खरी विवंचना ही अशी मापाची आहे, आणि ती मुद्रणाच्या प्रत्येक विद्येबरोबर नवे रूप घेऊन आली. रेनेलचे बंगालचे नकाशे अठराव्या शतकात ताम्रपटावर कोरले गेले, तेव्हा कागद ओला करून छापावा लागे, आणि वाळताना तो लांबीत एक व रुंदीत दुसरेच असा असमान आखडे. सेनेफेल्डरच्या शिळाछापाने कोरण्याचे कष्ट वाचविले. पुढे १८५९ मध्ये साउदॅम्प्टनच्या ऑर्डनन्स सर्व्हे कचेरीत, हेन्री जेम्सच्या देखरेखीखाली, मूळ नकाशाचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरविण्याची क्रिया सिद्ध झाली, आणि नकाशा लहानमोठा करणे हे कॅमेऱ्याचे काम झाले. पुण्याचे सरकारी फोटोझिंको मुद्रणालय त्या विद्येचे नाव अजून धारण करून आहे. परंतु कॅमेऱ्याने नकाशा निम्मा केला की त्यावर छापलेले ‘एका इंचास २० साखळ्या’ हे शब्द तत्क्षणी असत्य ठरतात, उलट समासात आखलेले रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच निम्मे होते आणि खरे राहते. कागदाच्या आखडण्यावरही, निदान ढोबळ मानाने, हाच उतारा चाले. म्हणून मला ती साधी पट्टी मुद्रणविद्येतील मोठ्या शोधांच्या पंक्तीला बसविण्याजोगी वाटते.

१९९३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेने वेबवर पहिला चलनशील नकाशा ठेवला आणि २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आले, तेव्हा या जुन्या विवंचनेने पुन्हा डोके वर काढले. वेबवरील नकाशा हा पुष्कळदा २५६ पिक्सेल लांब व तितक्याच रुंद अशा चौकोनी तुकड्यांचा, म्हणजे टाइलींचा, बनविलेला असतो, आणि पडद्याला इंचाचे भान नसते. छपाईयंत्र इंचास ३०० बिंदू मागते. त्या हिशोबाने एका टाइलीस जेमतेम २.१७ सेंटिमीटर जागा मिळते आणि गावांची नावे वाचता येत नाहीत, टाइल ताणावी तर रेषा फुटून धूसर होतात. कधी छापील प्रतीत मधलेच चौकोन कोरे येतात, कारण छपाईचा हुकूम सुटला त्या घटकेस त्या टाइली सर्व्हरकडून यावयाच्या होत्या. आणि परक्या सर्व्हरच्या टाइलींवरून चित्र तयार करून घेण्यास, त्या सर्व्हरने परवानगी दिलेली नसेल तर, ब्राउझर सुरक्षेच्या नियमाने साफ नकार देतो. यावर जी तजवीज पुढे रूढ झाली ती जुन्या मुद्रकांना ओळखीची वाटली असती: पडद्यावरचे चित्र छापू नये, तर सर्व्हरकडून त्याच भूभागाचे चित्र छपाईच्या घनतेने नव्याने रचून घ्यावे आणि तयार पीडीएफच यंत्राकडे पाठवावी.

प्रमाणाचा घोळ याहून सूक्ष्म आहे. वेबनकाशाच्या मानकांत एका पिक्सेलची लांबी ०.२८ मिलिमीटर गृहीत धरली आहे, प्रत्यक्ष पडदा कसाही असो. शिवाय बहुतेक वेबनकाशे मर्केटरच्या १५६९ सालच्या प्रक्षेपणाच्या सुलभ केलेल्या रूपावर बेतलेले असतात, आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसतशी अंतरे फुगतात. पुण्याच्या अक्षांशावर ही वाढ शेकडा साडेपाचाच्या आसपास, म्हणजे क्षेत्रात शेकडा अकरा; विषुववृत्ताचे प्रमाण धरून अशा प्रतीवरून मोजलेला एकर ४० गुंठ्यांचा न राहता साडेचव्वेचाळीस गुंठ्यांचा भरतो. इतके सांभाळूनही छपाईच्या वेळी ‘कागदावर बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला, तर यंत्र सारे चित्र गुपचूप आक्रसते: १:५००० च्या नकाशावर ५०० मीटरची पट्टी १० सेंटिमीटर भरावयास हवी, ती ९.७ भरते. तेव्हा छपाई ‘मूळ आकारात’ करावी, प्रतीवर रेषाप्रमाण असावे, आणि वापरण्यापूर्वी त्या पट्टीवर फूटपट्टी ठेवून पाहावी. हद्दीच्या तंट्यात मात्र अशी शुद्ध प्रतही पुरेशी नाही. तेथे मोजणीच्या वेळी शेतातच लिहिलेल्या टिपणातील साखळ्या आणि आणे काढून पाहावे लागतात, कारण ते आकडे आहेत आणि कागद आखडला तरी आकडा आखडत नाही.