घुमणाऱ्या भिंती आणि दिसणारा आवाज

गणेशोत्सवाचे दिवस म्हणजे आपल्या मंडळांच्या सभागृहांची वार्षिक परीक्षाच. आरती, मुलांचे नाटुकले, नाट्यगीतांची मैफल, शेवटी व्याख्यान. ज्या सभागृहात आरती भरदार वाटते, तिथेच व्याख्यानाचे शब्द मागच्या रांगेत एकमेकांत मिसळून पोचतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दोष वक्त्याला किंवा माइकवाल्याला लागतो. पण तिथे आणखी एक पक्षकार हजर असतो, आणि तो म्हणजे सभागृह स्वतः. आवाजाचे ते काय करते हे कानाला पूर्वीपासून जाणवत होते. त्याचा उलगडा व्हायला मात्र आवाजाला डोळ्यांपुढे आणावे लागले. त्या प्रयत्नांचा हा थोडक्यात इतिहास.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाडनी यांनी १७८७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूची किंवा काचेची पातळ तबकडी मध्यभागी पक्की धरायची, तिच्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. तबकडी गाऊ लागते, थरथरणाऱ्या भागावरची वाळू उडते आणि जिथे थरथर नाही त्या रेषांवर जाऊन बसते. पाहता पाहता रांगोळीसारखी आकृती उमटते. सूर बदलला की रांगोळीही बदलते. १८०९ साली पॅरिसमध्ये नेपोलियननेही हा प्रयोग पाहिला. या आकृत्यांचे गणित मांडणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झाले आणि १८१६ साली ते सोफी जर्मेन या गणितज्ञ स्त्रीला मिळाले.

तबकडीचे हे तत्त्व खोलीलाही लागू पडते. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, काही जागी जोर धरतात, काही जागी एकमेकींना मारून टाकतात. डग्ग्याचा खर्ज कोपऱ्यात बसलेल्याला जड लागतो आणि दोन खुर्च्या अलीकडे हलका लागतो, तो यामुळेच. खोलीत वाळू नसते, म्हणून ही रांगोळी दिसत नाही, एवढाच फरक.

आता तबकडीकडून वास्तूकडे वळू. विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तर समोरच्या टोकाला उभ्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्येही असाच सज्जा आहे. लॉर्ड रेले यांनी त्याचे कारण सांगितले: आवाज घुमटाच्या मधून जात नाही, वक्र भिंतीला चिकटून सरपटत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ते डोळ्यांना दाखवून दिले. जस्ताचा लांब पत्रा अर्धवर्तुळात वाकवला, एका टोकाला बारीक शिटी ठेवली आणि दुसऱ्या टोकाला आवाजाने फडफडणारी गॅसची ज्योत. शिटी वाजली की ज्योत फडफडे. पत्र्याच्या आतल्या बाजूला लागून एक अरुंद पट्टी उभी केली की ती शांत होई. म्हणजे आवाजाची वाट पत्र्याला लागूनच होती. पुढे १९२१-२२ च्या सुमारास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला. त्यात आपला गोलघुमटही होता.

सभागृहांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम मात्र अमेरिकेत झाले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाचे व्याख्यानगृह नवेकोरे होते, पण तिथे बोललेले काही समजत नसे. दुरुस्तीचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो हे ते मोजत. उत्तर आले ५.६२ सेकंद. तेवढ्या वेळात वक्ता पुढची बारा-पंधरा अक्षरे बोलून जाई आणि सगळ्यांचा गोंधळ होई. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून त्यांनी खुर्च्यांवर, वाटांत, मागच्या भिंतीवर पसरल्या. काळ १.१४ सेकंदांवर आला. आवाज शोषण्याचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. या अभ्यासातून निघालेल्या नियमाच्या आधारे बांधलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल १९०० साली उघडले आणि आजही ते नावाजले जाते.

सॅबिन तिथे थांबले नाहीत. नाट्यगृहांचे छोटे छेद-नमुने करून त्यांत विजेच्या ठिणगीने आवाज उठवायचा आणि क्षणार्धाने दुसऱ्या ठिणगीच्या उजेडात त्या लाटेची सावली छायाचित्राच्या काचेवर टिपायची, अशी त्यांची रीत होती. दाबलेली हवा प्रकाश वाकवते, म्हणून लाट दिसते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या या चित्रांत आवाज छताला, सज्जाला, भिंतीला धडकून कमानींसारखा परततो. प्रतिध्वनी कोणत्या भागातून येतो हे वास्तू उभी राहण्याआधीच बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

हे सारे आज आठवायचे कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणीतून उभारलेल्या वास्तूंचे आता ठिकठिकाणी नूतनीकरण चालू आहे. लाकडी छत जाते, गुळगुळीत फरशी, काच आणि प्लॅस्टर येते. वास्तू देखणी होते, पण घुमू लागते. मग उपाय म्हणून मोठे स्पीकर येतात. आवाज वाढवला की शब्दाबरोबर त्याचे घुमणेही तेवढेच वाढते, याकडे दुर्लक्ष होते. परक्या मुलुखात वाढणाऱ्या मुलांना मराठी मुळात कमी कानावर पडते. जी पडते तीही अस्पष्ट असेल, तर पुढच्या वर्षी ती व्याख्यानाला कशाला येतील? कामाचा आराखडा मंजूर करताना रंग आणि दिवे यांच्या बरोबरीने छत, मागची भिंत आणि पडदे यांचाही विचार कार्यकारिणीने करावा, अशी आमची विनंती आहे.

सॅबिन यांनी गाद्यांप्रमाणे माणसेही मोजली होती. प्रत्येक श्रोता थोडा आवाज शोषून घेतो, त्यामुळे रिकाम्या सभागृहापेक्षा भरलेल्या सभागृहात शब्द स्वच्छ ऐकू येतो. तेव्हा यंदाच्या व्याख्यानाला सहकुटुंब यावे. आपल्या नुसत्या बसण्यानेही मागच्या रांगेतल्या माणसाला नीट ऐकू येणार आहे.