वायर, लांबी आणि ग्रेट ईस्टर्न

तर झालं असं की, बदलापूरच्या घरात बाबांसाठी स्पीकर लावले. डावा अँप्लिफायरपासून ३ मीटरवर, उजवा दरवाजावरून वळसा घेऊन १०. बाबा म्हणाले, "उजवीकडून तबला दबतोय रे." मला वाटलं, वयानुसार कान गेला असेल. उल्हासनगरला एका दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "दोन्ही वायरी एकाच लांबीच्या घ्या, नाहीतर आवाज मागेपुढे पोचतो." वर एक महागडी वायरही दाखवली.

हा घोळ मात्र जुना आहे, मंडळी. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी तारेची केबल पडली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप जायला सुमारे १६ तास लागले! विल्यम थॉमसनने आधीच सांगितलं होतं की लांबी वाढली की रोधही वाढतो आणि विद्युतभार साठवण्याची क्षमताही. म्हणून लांबी दुप्पट झाली की संदेश चौपट रेंगाळतो. उपाय काय, तर जाड तांबं आणि चांगलं आवरण. वाइल्डमन व्हाइटहाऊसला ते पटलं नाही. त्याने सुमारे २००० व्होल्ट दिले. आधीच कमकुवत असलेली केबल महिन्याभरात गेली.

१८६६ च्या केबलमध्ये तांबं जाड होतं, ती चालली. ती टाकणारं ग्रेट ईस्टर्न जहाज मग १८७० मध्ये मुंबईला आलं आणि मुंबई-एडन केबल टाकून गेलं. मुंबई समुद्रातून सुवेझमार्गे लंडनला जोडली गेली.

आता आपलं घर. १० मीटरला वेळेचा प्रश्नच नाही. ३ आणि १० मीटरमधला फरक सेकंदाच्या एका कोट्यंशापेक्षाही कमी, म्हणजे दुकानदाराचं "मागेपुढे" बाद. उरतो रोध. १ चौ.मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. माझी वायर ०.२ चौ.मिमीची. जाऊन-येऊन २० मीटर म्हणजे १.७ ओहम, आणि स्पीकर ४ ओहमचा! स्पीकरपर्यंत निम्मीच ताकद पोचत होती. डाव्यापेक्षा उजवा २ डेसिबलने कमी. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा, त्यामुळे आवाजाचा पोतही बदलतो.

म्हणजे बाबांचा कान बरोबर होता. चूक माझी, मी उगाच त्यांच्या वयावर ढकललं.

साधा नियम: वायरचा एकूण रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. घराच्या वायरिंगची २.५ चौ.मिमीची साधी तांब्याची तार आणली, रोध ०.१४ ओहमवर आला. काम झालं. थॉमसनची साठवण क्षमता घरात एकाच ठिकाणी डोकावते, रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीत. ती लांबली की वरचे सूर बदलतात, म्हणून ती आखूडच बरी.

परवा बाबांनी न विचारताच सांगितलं, "आता दोन्हीकडून येतोय."

असो. तूर्तास इतकंच.